अण्णांची वळकटी

आमच्या गल्लीत कुणाच्या घरात काय चाललंय हे सगळ्यांना कळतं. त्यात विशेष काही नाही. भिंती एकेरी आहेत आणि लोक रिकामे आहेत. पण भारतअण्णांच्या घरात आज काहीही चालणार नाही, हेसुद्धा अख्ख्या गल्लीला कळायचं. असा माणूस सोलापुरात दुसरा नसेल.

जेवणं उरकली की अण्णा दारात यायचे. काखेत वळकटी. लाल-काळ्या चादरीत गुंडाळलेली सतरंजी, तिच्या पोटात उशी आणि वरून सुतळीची गाठ. उंबऱ्यात उभं राहून, तोंड आत करून ते विचारायचे, "सुमे, जाऊ का वर?"

आतून सुमनवहिनी म्हणायच्या, "जावा."

मग अण्णा गच्चीवर. यांचा जिना लोखंडी, घराच्या बाहेरून, बरोबर गल्लीच्या तोंडावर. अण्णांचं वजनही भरपूर, त्यामुळे प्रत्येक पायरी आपापल्या परीने ओरडायची. समोरच्या कट्ट्यावर पिंट्या रिक्षावाला दात कोरत बसलेला असायचा. तो खालून विचारायचा, "अण्णा, बंद का?"

"बंद," अण्णा वरून सांगायचे. दुकानाच्या सुट्टीबद्दल सांगावं तितक्या सहज.

काही दिवसांनी वळकटी खाली यायची, जिना गप्प व्हायचा आणि पिंट्या गल्लीभर ओरडून सांगायचा, "चालू झालं रे!"

सांगायचं म्हणजे, अण्णा आणि सुमनवहिनी कुटुंबनियोजन करत होते आणि तेही गोळी, तांबी, निरोध, ऑपरेशन यातलं काही न वापरता. बाईच्या अंगाचं तापमान रोज बघायचं, अंगावरून काय जातंय त्याकडे लक्ष ठेवायचं, पाळीच्या तारखा धरायच्या आणि मूल राहण्याचे दिवस ओळखून तेवढे दिवस लांब राहायचं. हे लांब राहणं अण्णांनी फार मनावर घेतलं होतं.

"अहो अण्णा, स्वयंपाकघरात झोपा की," मी एकदा म्हटलं. पावसाळ्याचे दिवस होते आणि ते गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली अंगाची जुडी करून झोपत होते.

"सैपाकघर लई जवळ हाय ताई," अण्णा म्हणाले. "तितनं हितं यायला कितीसा येळ लागतो? जिना कसा, उतरता उतरता मानसाला इचार करायला येळ देतो. शिवाय वाजतो."

मी यांची शेजारीण. आमचं आणि त्यांचं स्वयंपाकघर एकाच भिंतीला पाठ लावून आहे. दिवसभर कॉलेजच्या ऑफिसात पोरांची रडगाणी ऐकायची आणि घरी आल्यावर भिंतीपलीकडची ऐकायची, असा माझा दिनक्रम. सकाळी माझा चहा उकळायच्या आधी पलीकडून "पीं पीं" असा आवाज यायचा. तो थर्मामीटर. त्यामागोमाग अण्णांची आरोळी, "जागेवर हाय!" किंवा "सरकला वर!" आणि मग सुमनवहिनींचा दबलेला आवाज, "अवो, हळू बोला की. शेजारी मानसं ऱ्हातात." शेजारची माणसं अर्थातच कान टवकारून उभी असायची.

अण्णा एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात बॉयलर चालवायचे. ज्या माणसाचं आयुष्य बॉयलरवर गेलं त्याला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसतात. दाब दाखवणारा गेज असलेल्या आणि गेज नसलेल्या. गेज नसलेल्या वस्तूंवर अण्णांचा विश्वास नव्हता. माझ्या कुकरची शिट्टी जरा अडखळली की भिंतीपलीकडून हाक यायची, "ताई, शिट्टीचा वाल साफ करा, आडकतोय!" माझा नवरा कुणाशी तावातावाने भांडत असला की त्याच्याकडे बघून म्हणायचे, "साहेबांचं प्रेशर चढलं. वाफ सोडू द्या, मधी बोलू नगा." कारखान्यात बॉयलर अटेंडंटची खुर्ची तेवढी रिकामी राहून चालत नाही, म्हणे. मालक नसला तरी चालतं. हे ते इतक्या वेळा सांगायचे की मालकाला ऐकू गेलं असतं तर त्याने खुर्चीच विकली असती.

सुमनवहिनी अक्कलकोटकडच्या. बोलायला कमी, कामाला वाघ. अण्णांनी चारचौघांत बॉयलरचा विषय काढला की त्या कपाळावर हात मारून घ्यायच्या आणि कानडीत काहीतरी पुटपुटायच्या. त्याचा अर्थ आम्ही कधी विचारला नाही. चेहऱ्यावरून कळत होता.

आता यातली खरी गंमत सांगते. या दोघांना मूल नव्हतं. आमच्या गल्लीत राहायला आले तेव्हा तिशीच्या आतबाहेर असतील, पण पाळणा नव्हता. ज्याच्या घरी एक पोर नाही तो माणूस पोर होऊ नये म्हणून वळकटी घेऊन गच्चीवर चढतोय, हा आमच्या गल्लीचा सगळ्यात आवडता विनोद होता. नळाला पाणी नसलेल्या दिवशी तर सगळी करमणूक त्याच्यावरच चालायची. "पीक नाही आणि राखण जोरात," असं पिंट्या म्हणायचा.

एकदा अण्णांची आई कुंभारीहून राहायला आली. भिंतीवर कॅलेंडर होतं आणि अण्णा त्यावर लाल खडूने फुल्या मारायचे. म्हातारीला वाटलं, दुधाचे खाडे आहेत. सकाळी दूधवाला आला तसा तिने त्याला दारातच धरला. "ह्या फुल्या कशाच्या? लागोपाठ दांड्या मारतोस आन् पैसं पुरं घेतोस व्हय रं?" दूधवाला म्हशीची शपथ घेऊन सांगत होता की एक दिवस चुकला नाही. म्हातारी ऐकेना. सुमनवहिनी पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. गल्ली गोळा झाली. तेवढ्यात अण्णा ड्यूटीवरून आले.

"आये, त्या दुधाच्या न्हाईत."

"मग कशाच्या?"

दुसरा कुणी असता तर "नंतर सांगतो" म्हणाला असता. अण्णांनी तिथंच, दूधवाल्यासमोर, बॉयलरपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. म्हातारी खाली बसली. बसल्या बसल्या म्हणाली, "आरं भाड्या, घरात पाळणा हलंना, आन् तू बंद पाळतोयस?" तिने पिशवी उचलली आणि मिळेल त्या गाडीने कुंभारी गाठली. जाताना दूधवाल्याला मात्र "रागावू नगंस बाबा" म्हणून गेली.

दवाखान्यातल्या नर्सबाई गल्लीत फेरीला यायच्या. त्यांनीही अण्णांना समजावून बघितलं. "अण्णा, या पद्धतीत जरा गाफील राहिलं की पाळणा हलतो बरं का. एवढा व्याप कशाला? नको असेल तर सरळ ऑपरेशन करून टाका. तुमचं अगदी किरकोळ असतं. सकाळी या, दुपारी घरी."

"मॅडम," अण्णा म्हणाले, "वाल बंद करायचा आसतो. पाइप कापायचा नसतो."

यावरून गल्लीने निकाल लावला की अण्णा सुईला भितात. एवढा आडदांड गडी आणि टाक्याला घाबरतो, याचंही वर्षभर हसू झालं.

आता पिंट्याचं प्रकरण. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं आणि आलं की सगळ्या गल्लीला एकदमच येतं. त्यामुळे कुठलीही गोष्ट चालू झाली तर ती सगळ्यांची चालू आणि बंद झाली तर सगळ्यांची बंद, असं आमच्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पिंट्याचं पहिलं पोर अजून रांगत होतं. त्याला आणि त्याच्या बायकोला, रेश्माला, इतक्यात दुसरं नको होतं. पिंट्याने विचार केला, समोर आयतं वेळापत्रक असताना दवाखान्यात कशाला जायचं? अण्णांची वळकटी वर गेली की त्यानेही कट्ट्यावर चादर अंथरायची. वळकटी खाली आली की त्याने घरात जायचं. रेश्माला मूल राहणारे दिवस आणि सुमनवहिनींचे दिवस यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, ही गोष्ट त्याच्या डोक्यात आलीच नाही. आणखी दोन घरांतही हाच हिशोब चालू होता, हे पुढे कळलं. आमच्या घरीही तसं एकदा सुचवण्यात आलं होतं, पण तो विषय नको.

त्या पावसाळ्यात आमच्या एवढ्याशा गल्लीत रेश्मासकट तिघींना एकदमच कोरड्या उलट्या सुरू झाल्या.

पिंट्या भांडायलाच आला. "अण्णा, तुमी खाली हुता तवाच मी घरात हुतो! बगा, काय केलंत ते!"

अण्णांना आधी काही कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. सुमनवहिनींची सवय त्यांना लागली होती. "आरं येड्या, माझा गेज बगून तू तुझा बॉयलर चालिवतोस व्हय? स्फोट हुणार न्हाय तर काय!"

मग त्यांनी रविवारी गच्चीवर सगळ्या नवऱ्यांना बोलावलं. कारखान्यातून आणलेल्या खडूने स्लॅबवर भलाथोरला बॉयलर काढला. आम्ही बायका खाली धान्य निवडायचं निमित्त करून बसलो होतो. जिन्यातून सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"परत्येक बाईचं चक्र येगळं. एकाच बाईचं बी दर म्हैन्याला येगळं आसू शकतं. ज्याचा त्याचा गेज ज्यानं त्यानं बगायचा. आता ऐका. सकाळी उठल्या उठल्या, आंथरुणातनं पाय खाली टाकायच्या आधी, ताप बगायचा. तो जरा वर सरकला आन् तितंच टिकला, म्हंजे गाडी गेली, धोका टळला. पन गाडी यायच्या आधी फाटक बंद पायजे का न्हाय? ते कशावरनं कळतं? आंगावरनं जातं त्याच्या तारंवरनं. पाकाला तार सुटती का न्हाय, तशी."

इथे सुमनवहिनी उठून आमच्या न्हाणीघरात जाऊन बसल्या, त्या सभा संपेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मी त्यानंतर बरीच वर्षं गुलाबजाम केले नाहीत.

"आन् ताप आला, जागरण झालं, बाळंतीण आसली की गेज खोटा दावतो. तवा दवाखान्यात जायचं. ज्याला रोज ध्यान द्यायला जमत न्हाय त्यानं हे करूच ने. आळशाचं काम न्हाय हे."

दुसऱ्या दिवशी तिन्ही नवरे, उशिरा का होईना, दवाखान्यात जाऊन निरोधची पाकिटं घेऊन आले. अण्णांना वाईट वाटलं. "बॉयलर सगळ्यास्नी पायजे," ते मला म्हणाले, "पन गेजकडं कुनी बगत न्हाय."

दिवस गेले. रेश्माची दुसरी मुलगी शाळेत जायला लागली, मग सायकलवर बसून कॉलेजला जायला लागली. अण्णा कारखान्यातून रिटायर झाले. जिना मात्र दर महिन्याला वाजत राहिला. "जाऊ का वर?" "जावा." उन्हाळ्यात आमच्याकडे सगळेच पुरुष गच्चीवर झोपतात, तेव्हा कोण कशासाठी वर चाललंय याचा पत्ता लागायचा नाही. मे महिना काय तो अण्णांना अब्रूने जायचा.

मग एका वर्षी जिना वाजायचा थांबला. दिवाळी गेली, संक्रांत गेली, वळकटी हलली नाही. पिंट्याच्या केसांत आता पांढरं आलं होतं, पण जीभ तशीच होती. "अण्णांचं लायसन आता कायमचं चालू!" असं त्याने जाहीर करून टाकलं आणि स्वतःच्या पैशाने गल्लीला भजी खाऊ घातली.

आमच्या घरावर पत्रा आहे, त्यामुळे माझ्या कुरडया दर वर्षी अण्णांच्या स्लॅबवर वाळतात. त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी कुरडया उचलायला वर गेले, तर अण्णा टाकीच्या सावलीत बसलेले. शेजारी वळकटी, सुतळी बांधलेली. तिच्यावर ते हात फिरवत होते.

"काय अण्णा," मी म्हटलं, "दोन्हीकडून रिटायर झालात म्हणे? सुटलात की. आता झोपा निवांत खाली."

अण्णा हसले, पण तोंडदेखलं. "व्हय ताई. सुमनची पाळी गेली. डाक्तरीणबाईंनी बगून सांगितलं. आता फाटकबी न्हाय आन् गाडीबी न्हाय."

"आणि तो थर्मामीटर? सकाळी अजून वाजतो तो?"

"लावतो की. सवय झालीया. ती तोंडात धरून बसती, तवडा येळ भांडत न्हाय."

मी हसले. ते हसले नाहीत. मग वळकटीकडेच बघत म्हणाले, "तुमाला म्हाईत न्हाय ताई. हितं ऱ्हायला यायच्या आधी आमाला एक पोरगी झालती."

मी कुरडया ठेवून तिथेच बसले.

"नाव ठिवायच्या आधीच गेली. सुमनबी जातीय का ऱ्हातीय आसं झालतं. दवाखान्यातनं घरी आनली, तर बोलंना, जेवंना. कुनी पाळण्याचं नाव काडलं की थरथर कापायची. आई म्हनली, दुसरं हू दे, इसरंल. मी सुमनला इच्यारलं. ती म्हनली, मला आत्ता न्हाय जमायचं. मी म्हनलं, मग मी आपरेशन करून घेतो, जिवाला घोर नगं. तर माझा हात धरला तिनं. म्हनली, कायमचं बुजवू नगा. येकांद्या दिवशी मला वाटंल. गोळ्यांनी तिला भवळ यायची, तांबी नगं म्हनायची. तवा त्या डाक्तरीणबाईंनी हे शिकिवलं."

"म्हणून तुम्ही वर झोपायला जात होता."

"म्हनून इच्यारून जात हुतो," अण्णा म्हणाले.

ते माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. ज्या दिवसांत मूल राहतं, नेमक्या त्याच दिवसांच्या तोंडावर हा माणूस दर महिन्याला उंबऱ्यात उभा राहून बायकोला विचारत होता. सगळ्या गल्लीने ते ऐकलं होतं. पिंट्या तर नक्कल करून दाखवायचा. तिने एकदा जरी "नका जाऊ" म्हटलं असतं, तर वळकटी तिथेच खाली पडली असती.

"अण्णा, सरळ विचारायचं होतं तिला. आता वाटतंय का, म्हणून."

"सरळ इच्यारलं आसतं, तर तिला सरळ उत्तर द्यावं लागलं आसतं. मनात नसताना न्हाय म्हनायला लई जड जातं ताई. दर म्हैन्याला कशाला तिच्यावर वजं टाकायचं? जाऊ का वर म्हनलं, तर जावा म्हनायचं, झालं. तिलाबी सोपं, मलाबी सोपं."

"आणि तुम्हाला? तुम्हाला हवं होतं?"

अण्णांनी वळकटीची सुतळी सोडली आणि पुन्हा बांधली. "जिना चढताना परत्येक बारी वाटायचं," ते म्हणाले, "मागनं हाक मारंल." मग उठले आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "कुरडया उचला, दव पडंल," असं काहीतरी म्हणाले. सोलापुरात, भर उन्हाळ्यात, दव. मी एक अर्धवट वाळलेली कुरडई त्यांच्या हातात दिली. त्यांनी लहान मुलासारखी ती तिथेच खाऊन टाकली.

खालून सुमनवहिनींनी जेवायला हाक मारली. अण्णा वळकटी काखेत मारून खाली गेले. मी टोपली डोक्यावर घेऊन त्यांच्यामागून उतरले. जिना दोघांचाही सारखाच वाजला.

आम्ही जेवत होतो तेवढ्यात लाइट गेली. घरात बसवेना, असलं उकडत होतं. मी पुठ्ठ्याने वारा घेत उंबऱ्यात येऊन बसले. गल्लीतले पुरुष एकेक करून चादरी, उशा घेऊन आपापल्या गच्चीकडे निघाले. पिंट्या कट्ट्यावर होता. तेवढ्यात अण्णा दारात आले. काखेत वळकटी. पिंट्याचं तोंड उघडलं, पण मी त्याच्याकडे असं बघितलं की ते तसंच मिटलं.

अण्णांनी तोंड आत केलं. "सुमे, लई उकडतंय. जाऊ का वर?"

आतला भांडी घासल्याचा आवाज थांबला. अण्णांचा एक पाय जिन्याकडे वळलेला होता.

"नगा जाऊ," सुमनवहिनी म्हणाल्या. "हितंच पडा. पंखा हाय की."

पंखा होता. लाइट मात्र अख्ख्या गल्लीची गेली होती.